बारा वर्षांत कुणी पाय पाहिलेच नाहीत

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पत्रलेखक ५४ वर्षांचे आहेत. १२ वर्षांपासून टाइप २ मधुमेह, ६ वर्षांपासून रक्तदाब. गोळ्या न चुकता घेतात, रोज चालतात. तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीए१सी, ७.१ च्या आसपास असते. पहिल्या दिवसापासून एकाच फॅमिली डॉक्टरांकडे जातात आणि त्यांच्यावर पूर्ण विश्वास आहे. त्यांची मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिने मधुमेहाची राष्ट्रीय उपचार-मानकं वाचली, वडिलांची फाईल काढली आणि एक तक्ता केला. दरवर्षी व्हायला हव्या अशा नऊ गोष्टींपैकी तीनच झालेल्या दिसल्या. डोळ्यांचा पडदा कधी तपासलेला नाही, लघवीतलं प्रथिन मोजलेलं नाही, पाय कुणी पाहिलेले नाहीत. मुलगी डॉक्टरांवर चिडली आहे आणि वडील मुलीवर. ते लिहितात: ‘मला काहीही त्रास नाही. ज्या माणसाने मला १२ वर्षं सांभाळलं, त्याची आता एका छापील कागदावरून परीक्षा घेऊ? आणि खरं सांगायचं तर, तपासलं आणि काही निघालं तर?’

नमस्कार,

तुमच्या पत्रातला शेवटचा प्रश्न सगळ्यात खरा आहे, आणि तुम्ही तो लिहिलात याचं मला फार बरं वाटलं. त्याच्याकडे येतेच. आधी एवढं सांगते की हे उत्तर वाचून तुम्हाला डॉक्टर बदलावे लागणार नाहीत आणि लेकीशी अबोलाही धरावा लागणार नाही. तिचा तक्ता मात्र कपाटात टाकू नका.

‘मला काहीही त्रास नाही’ हे वाक्य तुमच्या पत्रात चार वेळा आलंय. मी मोजलं, कारण माझ्यासमोर बसणारा जवळजवळ प्रत्येक मधुमेही पेशंट हेच म्हणतो आणि ते खोटं नसतं. पण मधुमेह ज्या जागा पोखरतो त्या जागा बोलत नाहीत. डोळ्याच्या पडद्यावरच्या केसाहून बारीक रक्तवाहिन्या फुगतात, पाझरतात, आणि तरीही नजर तपासायच्या तक्त्यावरची शेवटची ओळ तुम्हाला स्वच्छ वाचता येते. नजर धूसर होते तोवर बरंच पाणी वाहून गेलेलं असतं. मूत्रपिंडाच्या चाळणीतून प्रथिन गळायला लागतं तेव्हा ना आग होते, ना कळ येते. पायावर सूज दिसते ती फार उशिरा. आणि पायांच्या बाबतीत तर गोष्ट उलटीच आहे. तिथे दुखत नाही हेच कधीकधी आजाराचं लक्षण असतं.

हे मी पुस्तकातून शिकले होते, पण मनावर कोरलं गेलं ते एका दुपारी. एक गृहस्थ माझ्याकडे तीन वर्षं येत होते. वक्तशीर, रिपोर्ट नीट लावलेले, बोलणं थोडकं. मी साखर बघायची, रक्तदाब बघायची, गोळ्या लिहून द्यायची. त्या दिवशी आमच्याकडे नव्याने आलेल्या सिस्टरने तपासणीआधी सगळ्यांचे बूट काढून ठेवायला सांगितले होते. यांनी डावा बूट काढला आणि त्यातून नखाएवढा खडा घरंगळत फरशीवर पडला. मोजा तळव्याला चिकटला होता. सिस्टरने तो ओला करून हळूहळू सोडवला, तर अंगठ्याच्या मागे रुपयाएवढी जखम. गृहस्थ वाकून बघत राहिले, जणू तो पाय दुसऱ्या कुणाचा असावा. खडा केव्हा शिरला होता हे त्यांना सांगता येईना. जखम भरायला चार महिने लागले. पाय वाचला. पण त्या तीन वर्षांत त्यांचे पाय मी एकदाही उघडून पाहिले नव्हते. चूक माझी होती. मला पायांबद्दल सगळं ठाऊक होतं, फक्त दर भेटीत आठवण करून देणारं काही माझ्याकडे नव्हतं.

तुमच्या मुलीने ज्या कागदावरून तक्ता केला, तो कागद म्हणजे ही आठवण करून देणारी गोष्ट आहे. डॉक्टरांना नापास करायला तो छापलेला नाही. एकाच दिवशी ताप, खोकला, पाठदुखी असे चाळीस पेशंट बघणाऱ्या माणसाच्या डोक्यातून काय निसटू शकतं, हे ओळखून तो केलेला असतो. पेशंट आजची तक्रार घेऊन येतो आणि डॉक्टर आजच्या तक्रारीवर औषध देतात. दहा वर्षांनी येऊ शकणारी तक्रार त्या दिवशी समोर खुर्चीत बसलेली नसते. तिच्या वतीने कुणीतरी बोलावं लागतं.

आता ‘छापील कागद’ या शब्दाबद्दल. त्यात थोडी नाराजी आहे आणि ती मला समजते. चार तज्ज्ञ एका खोलीत बसले आणि नियम लिहून मोकळे झाले, असं बाहेरून वाटतं. पण या मानकांतली बरीच वाक्यं हजारो लोकांच्या आयुष्यातली वर्षं खर्ची पडून आली आहेत. १९९३ साली टाइप १ मधुमेहाच्या १,४४१ लोकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, डीसीसीटी नावाचा. साखर काटेकोर ठेवली तर डोळे, मूत्रपिंड आणि नसा यांची हानी मोठ्या प्रमाणात टळते, हे त्यात पहिल्यांदा पक्कं सिद्ध झालं. तोवर नामवंत डॉक्टरांमध्येही यावर वाद होता. १९९८ मध्ये ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस अभ्यासाने हेच टाइप २ मधुमेहासाठी दाखवलं. त्यात ५,१०२ लोक होते आणि तो २० वर्षं चालला. एका गटाचं एचबीए१सी सरासरी ७.०, दुसऱ्याचं ७.९. एवढ्याशा फरकाने बारीक रक्तवाहिन्यांचे विकार २५ टक्क्यांनी कमी झाले. पुढे १० वर्षांनी पाहिलं, तर दोन्ही गटांची साखर केव्हाच सारखी झाली होती, पण आधी काळजी घेतलेल्यांचा फायदा टिकून होता. याला मी सुरुवातीच्या वर्षांची पुण्याई म्हणते. तुम्ही १२ वर्षं गोळ्या चुकवल्या नाहीत, चालणं सोडलं नाही, ही पुण्याई तुमच्या खात्यावर जमा आहे. डॉक्टरांचाही त्यात वाटा आहे, आणि हे लेकीलाही सांगा.

तुमच्या पत्रात दुसरं एक गृहीत आहे, जे तुम्ही लिहिलेलं नाही पण ओळींच्या मधे दिसतं: साखर ठीक म्हणजे सगळं ठीक. त्याच यूकेपीडीएसमध्ये रक्तदाबाचाही भाग होता. ज्यांचा रक्तदाब सरासरी १४४/८२ वर ठेवला, त्यांना १५४/८७ असणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका ४४ टक्क्यांनी कमी राहिला. डेन्मार्कमधला स्टेनो-२ नावाचा अभ्यास तर फक्त १६० लोकांचा होता. सगळ्यांच्या लघवीत प्रथिन उतरायला सुरुवात झालेली. निम्म्या लोकांची साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, तंबाखू, व्यायाम हे सगळं एकत्र धरून आणि ठरलेल्या पद्धतीने सांभाळलं. निम्म्यांना त्या काळची नेहमीची ट्रीटमेंट. आठेक वर्षांत पहिल्या गटात हृदयविकार आणि पक्षाघाताचं प्रमाण दुसऱ्याच्या जवळपास अर्ध्यावर आलं. मूळ अभ्यास सुरू झाल्यापासून २१ वर्षांनी हिशोब मांडला, तेव्हा पहिल्या गटाचं आयुष्य साधारण ८ वर्षांनी जास्त भरलं. कुठलंही जादूचं औषध नव्हतं. फक्त काही सुटू दिलं नव्हतं.

आणि मानकं देशभर खरोखर पाळली तर काय होतं, याचं एक उदाहरण मला नेहमी आशा देतं. इंग्लंडने २००३ पासून मधुमेही लोकांच्या डोळ्यांच्या पडद्याची दरवर्षी तपासणी राष्ट्रीय पातळीवर सुरू केली. पत्र पाठवून बोलवायचं, फोटो काढायचे, गरज असेल त्याला पुढे पाठवायचं. २००९-१० सालची अंधत्वाची नोंद पाहिली, तेव्हा इंग्लंड आणि वेल्समध्ये कमावत्या वयातल्या लोकांच्या अंधत्वाच्या कारणांत मधुमेहाने होणारा पडद्याचा विकार पहिल्या क्रमांकावर उरला नव्हता. किमान पाच दशकांत असं पहिल्यांदाच झालं. यात चांगल्या उपचारांचाही वाटा असणार, पण त्यातल्या बहुतेकांनाही डोळ्यांचा काही त्रास नव्हता. त्यांना बोलावून तपासलं म्हणून वेळेत कळलं.

एवढं सांगितल्यावर दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण तुमची लेक अभ्यासाच्या उत्साहात आहे आणि तक्त्यातले आकडे तिला दगडावरची रेघ वाटू शकतात. ते तसे नाहीत. २००८ मध्ये अ‍ॅकॉर्ड या अभ्यासात हृदयविकाराचा धोका जास्त असलेल्या लोकांचं एचबीए१सी ६ च्या खाली आणायचा जोरदार प्रयत्न झाला. त्या गटात मृत्यू वाढलेले दिसले आणि तो भाग मध्येच थांबवावा लागला. तेव्हापासून चांगली मानकं सगळ्यांना एकच आकडा सांगत नाहीत. बऱ्याच जणांसाठी ७ च्या खाली ठीक. वय झालेलं, इतर आजार असलेले, साखर एकदम उतरण्याचा धोका असलेले यांच्यासाठी ८ पर्यंतही चालतं. रक्तक्षय असेल तर एचबीए१सीचा आकडाच फसवा येऊ शकतो. म्हणून तपासणी व्हायलाच हवी, पण तिच्यावरून उपचार काय ठरवायचे हे माणूस बघून ठरतं. यादी पाहून स्वतःच्या मनाने गोळी वाढवणं किंवा बंद करणं, हे दोन्ही करू नका.

मानकं काय करू नका हेही सांगतात, ही गोष्ट फारशी कुणी बोलत नाही. तक्रार नसताना, धोका नसताना हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या मोठ्या तपासण्या मधुमेह आहे एवढ्याच कारणाने करत सुटू नये, असं त्यांत म्हटलेलं असतं. सत्तर-ऐंशी तपासण्यांची पॅकेजं घेऊन समाधान मानणारे लोक मी रोज बघते. फाईल जाड होते, आणि तिच्यात डोळ्यांच्या पडद्याचा एकही कागद नसतो. तुमच्या मुलीची यादी त्या मानाने फार छोटी आहे.

आता तुमच्या भीतीकडे येते. ‘काही निघालं तर?’

निघू शकतं. १२ वर्षांच्या मधुमेहात काहीच निघणार नाही असा शब्द मी देणार नाही. पण तपासणीमुळे काही होत नाही. असेल ते दिसतं, एवढंच. लघवीत थोडं प्रथिन सापडलं, तर मूत्रपिंडावरचा ताण कमी करणारी रक्तदाबाची औषधं आहेत, आणि गेल्या काही वर्षांत साखरेच्या गोळ्यांचा एक नवा गट आलाय, जो मूत्रपिंडाची घसरण हळू करतो. पडद्यावर सुरुवातीचे ठिपके दिसले, तर बहुतेक वेळा साखर आणि रक्तदाब आणखी नीट करून लक्ष ठेवायचं असतं. पुढच्या पायरीवर लेझर आहे, इंजेक्शनं आहेत. पायाची संवेदना कमी झालेली कळली, तर पायाची रोजची काळजी आणि योग्य पादत्राणं यांनी जखम टाळता येते. या सगळ्या दारांची एकच अट आहे, वेळेत पोचणं. तुमच्या जागी मीही घाबरले असते. पण न बघितल्याने ती भीती जात नाही, फक्त ती रात्री झोपताना येते. तुमच्याही पत्रावरून ती येतेय असं मला वाटतं.

डॉक्टरांशी कसं बोलायचं?

माझं पहिलं म्हणणं, ताप-खोकल्यासाठी गेलात की जाता जाता हा विषय काढू नका. फोन करून सांगा, ‘मला एकदा फक्त मधुमेहाच्या वर्षाच्या तपासणीसाठी यायचंय, थोडा निवांत वेळ हवा.’ आणि समोर बसल्यावर तक्ता आरोपपत्रासारखा पुढे सरकवू नका. ‘डॉक्टर, मला आता १२ वर्षं झाली. माझी वर्षाची यादी लावायची म्हणतोय. यातलं काय झालंय, काय राहिलंय आणि मला काय लागू नाही, एकदा सोबत बघू या का?’ एवढं पुरे. ‘मला काय लागू नाही’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण त्यात तुम्ही त्यांच्या अनुभवाला जागा देता. माझा अंदाज आहे की ते दुखावणार नाहीत. मला कुणी पेशंट अशी यादी घेऊन आला की मला हायसं वाटतं, माझ्या डोक्यावरचं ओझं दोघांनी उचलल्यासारखं. आणि समजा ते म्हणाले, ‘ही सगळी पुस्तकी फॅडं आहेत’, तर शांतपणे विचारा, ‘मग माझे डोळे आणि लघवी तपासायची नाही, असं तुमचं मत आहे का?’ याचंही उत्तर मिळालं नाही, किंवा दोन-तीनदा विषय उडवून लावला गेला, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. ती गद्दारी नाही. डोळ्यांच्या तपासणीसाठी तर तुम्ही थेट नेत्रतज्ज्ञांकडे जाऊन ‘मला १२ वर्षांपासून मधुमेह आहे, पडदा तपासायचाय’ असं सांगू शकता आणि रिपोर्टची प्रत फॅमिली डॉक्टरांच्या फाईलला लावू शकता.

सुरुवात कुठून, असं विचाराल तर मी म्हणेन डोळे, लघवी, पाय. टाइप २ मधुमेहात पडदा निदान झाल्याबरोबरच पाहायचा असतो, कारण निदानाआधीच आजार कित्येक वर्षं अंगात असू शकतो. त्यानंतर साधारण दरवर्षी. सगळं स्वच्छ आणि साखर ताब्यात असेल तर डॉक्टर एक-दोन वर्षांचं अंतर सांगतील. बाहुली मोठी करणारे थेंब घातले तर काही तास धूसर दिसतं आणि उजेड सहन होत नाही, म्हणून गाडी स्वतः चालवत जाऊ नका. लेकीला सोबत न्या. चष्म्याचा नंबर काढणं म्हणजे ही तपासणी नव्हे, हा घोटाळा अनेकांचा होतो.

लघवीची साधी तपासणी आणि ही तपासणी यांतही फरक आहे. लॅबला ‘अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो’ असं नेमकं सांगावं लागतं. अल्ब्युमिन म्हणजे तेच गळणारं प्रथिन. ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या खाली असेल तर ठीक. ताप असेल, लघवीचा संसर्ग असेल किंवा आदल्या दिवशी खूप व्यायाम झाला असेल तर आकडा उगाच वाढतो. म्हणून एकदा जास्त आला की लगेच छाप मारायची नसते. तीन ते सहा महिन्यांत तीनपैकी दोन नमुने जास्त निघाले तरच तो खरा धरतात. सोबत रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं बाहेर टाकतात तो टाकाऊ पदार्थ, आणि त्यावरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडं किती गाळतात याचा अंदाज. क्रिएटिनिनसमोर ‘नॉर्मल’ लिहिलेलं असतं तेव्हाही ईजीएफआर खाली आलेला असू शकतो, तेव्हा तो आकडा मागून घ्या.

पाय तपासायला पाच मिनिटं लागतात. नायलॉनचा एक जाडसर धागा असतो, १० ग्रॅम दाब पडला की वाकणारा. डोळे मिटायला सांगून तो तळव्यावर ठिकठिकाणी टेकवतात आणि कळतंय का विचारतात. कळलं नाही, तर पायाचं संरक्षण करणारी जाणीव गेली असं समजायचं. कंप पावणारा ट्यूनिंग फोर्क लावून बघतात, नाडी चाचपतात. मुंग्या किंवा बधिरपणा असेल आणि तुम्ही मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी बरीच वर्षं घेत असाल तर बी-१२ जीवनसत्त्वही तपासायला सांगा, कारण त्याची कमतरताही अशीच वागते.

घरी रोज रात्री पाय बघायची सवय लावा. तळवा दिसत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवा. बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. पाण्याचा गरमपणा पायाने न बघता कोपराने बघा. बूट घालण्याआधी आत हात फिरवा. त्या खड्यानंतर मी हे प्रत्येकाला सांगते. भोवरी घरी कापायची नाही.

रक्तदाबाचं एक सांगते, कारण तुमच्या फाईलमधले आकडे बरेच वरखाली आहेत. बऱ्याच मानकांत मधुमेहासाठी १३०/८० च्या खाली हे लक्ष्य आहे. पण मोजणंच चुकीचं असेल तर लक्ष्याला काय अर्थ? पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, मांडीवर मांडी नाही, दंड हृदयाच्या उंचीवर, पट्टा दंडाला बसेल अशा मापाचा, आणि मशीन चालू असताना बोलायचं नाही. डॉक्टरांकडे जाण्याआधी आठवडाभर सकाळी आणि संध्याकाळी दोन-दोनदा मोजून लिहून न्या. ते पान तुमच्या डॉक्टरांना दवाखान्यातल्या एका आकड्यापेक्षा कितीतरी जास्त सांगेल.

कोलेस्टेरॉलबद्दल असा प्रश्न विचारा: ‘माझं वय आणि मधुमेह धरता मला स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध, हवं का?’ चाळिशीपुढच्या मधुमेही माणसाला रिपोर्ट फार वाईट नसला तरी बहुतेक मानकं ते सुचवतात. अ‍ॅस्पिरिन मात्र सगळ्यांसाठी नसतं, ते मनाने सुरू करू नका. तंबाखू असेल तर या सगळ्या यादीआधी ती. फ्लू आणि न्यूमोनियाची लस, हिरड्यांची तपासणी या गोष्टी राहून जातात. त्याही लिहून ठेवा. आणि मन. १२ वर्षं रोज आकड्यांशी झुंजून माणूस थकतो. चांगल्या मानकांत तेही विचारायला सांगितलेलं असतं. कुणी विचारलं नाही, तर तुम्हीच सांगा.

काही गोष्टी मात्र वर्षाच्या भेटीसाठी थांबत नाहीत. डोळ्यापुढे अचानक काळे ठिपके किंवा पडदा आल्यासारखं वाटणं, पायावर कसलीही जखम, एक पाय लाल-गरम होऊन न दुखता सुजणं, छातीत दाब, श्वास लागणं, बोलणं अडखळणं किंवा तोंड वाकडं होणं. यांपैकी काही झालं तर त्याच दिवशी जायचं. छातीत दाब, श्वास लागणं आणि बोलणं किंवा तोंड बिघडणं, यांत त्याच क्षणी.

हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठीही थोडं. तुम्हाला मधुमेह नसेल, नुसता रक्तदाब असेल, तरी लघवीतलं प्रथिन, क्रिएटिनिन आणि ईसीजी कधी झालंय हे फाईलमध्ये शोधा. दमा असेल तर तुम्ही इन्हेलर कसा ओढता हे कुणी शेवटचं कधी पाहिलं, ते आठवा. वर्षानुवर्षं औषध घशातच अडकणारे लोक मी पाहिले आहेत आणि त्यांचा डोस मात्र वाढत गेलेला असतो. थायरॉइड, संधिवात, मूत्रपिंडाचा आजार, प्रत्येकाची अशी एक छोटी यादी असते. आपल्या डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा: ‘या आजाराने पुढे काय बिघडू शकतं, आणि ते आधी कळावं म्हणून वर्षातून काय बघायचं?’ उत्तर एका कागदावर लिहून घ्या, शेजारी तारखा टाका.

आणि तुमची लेक. तिचा राग ज्या ठिकाणाहून आलाय तिथे भीती आहे. वर्गात ती ज्या जखमा बघते, त्या प्रत्येकीत तिला तुमचा पाय दिसत असणार. तिला गप्प बसवू नका; काम द्या. तक्त्याच्या तारखा तिने सांभाळाव्यात, भेटीची आठवण तिने करावी, आणि डॉक्टरांशी बोलणं मात्र तुम्ही करावं. शरीर तुमचं आहे, नातंही तुमचं आहे. तिलाही हे मान्य होईल, तुम्ही खरोखर गेलात तर.

भेटीच्या दिवशी पट्टीचं, चटकन निघणारं पादत्राण घाला. आत गेल्यावर खुर्चीत बसायच्या आधी ते काढून ठेवा आणि पाय उघडे ठेवूनच बोलायला सुरुवात करा. डॉक्टरांची नजर आपोआप खाली जाईल.